तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

केस गळायला लागले की माणूस आधी शांपू बदलतो. मग तेल बदलतो. मग पाण्यावर येतो. बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, 'मुंबईचं पाणी मानवत होतं हो, पुण्यात आल्यापासूनच हे सुरू झालं'. कोणी हेल्मेटला दोष देतो, कोणी एसीला. डोक्याला काल-परवा जे जे लागलं, त्या सगळ्यावर संशय घेऊन होतो. साहजिक आहे ते. पण केसांच्या बाबतीत काल-परवाचा आरोपी बहुतेक वेळा निर्दोष सुटतो. खरा गुन्हेगार दोन-तीन महिने आधीच येऊन गेलेला असतो आणि एव्हाना आपण त्याला विसरूनही गेलेलो असतो.

माझ्याकडे तो गणपतीत आला होता. डेंग्यू. उतरता न उतरणारा ताप, प्लेटलेट्सचे रोजचे आकडे, शेजारून आलेला पपईच्या पानांचा कडूजहर रस आणि उकडीच्या मोदकांच्या वासानेही ढवळून येणारं पोट. दसऱ्यापर्यंत मी ठणठणीत झाले आणि तो अध्याय मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं. दिवाळीच्या तोंडावर न्हाताना हातात केस यायला लागले. चार-सहा नव्हेत, बोटांत अडकून राहतील इतके. न्हाणीघराच्या जाळीवर काळा गुंतवळ, फणीत गुंतवळ, केर काढला तर सुपलीत धुळीपेक्षा केस जास्त. कणकेच्या परातीत एक लांब केस निघाला तेव्हा घरातल्या पुरुषांनाही ही गोष्ट गंभीर वाटू लागली.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी शांपूचं नावही विचारलं नाही. म्हणाले, "ताई, दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? ताप, ऑपरेशन, घरात कोणी गेलं, एकदम वजन उतरवलंत?" मग चिमटीत पन्नास-साठ केस धरून त्यांनी ते मुळापासून टोकापर्यंत हलके ओढले. दोन-तीन ठिकाणी असंच केलं. सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं धरतात. माझे सहजच आले. डॉक्टरांना त्याचं काहीच वाटलं नाही, आणि त्यामुळेच मला जरा धीर आला.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सेंटिमीटरभर. मग तो वाढायचा थांबतो, तीनेक महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. त्याच भोकातून खालून नवा केस येतो. प्रत्येक केसाचं वेळापत्रक वेगळं, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळूनही आपल्या लक्षात येत नाही. मोठा ताप आला की शरीर केसांच्या वाढीसारखी चैन आधी बंद करतं. वाढत्या केसांपैकी बरेचसे एकाच वेळी विश्रांतीला पाठवले जातात. ते तीन महिने डोक्यावर तसेच बसून राहतात, आपण आरशात पाहून खूश असतो, आणि मग सगळे एकदम निघतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, लग्नाआधी घाईघाईने केलेलं उपाशी डाएट, सगळ्यांनी हे होतं. बाळंतपणानंतरही. बाळ आईला ओळखायला लागलं की तिचे केस गळायला लागतात, असं आमच्याकडच्या बायका म्हणत आल्या. बाळ तीनेक महिन्यांचं झालं की हसून ओळख दाखवतं. बायकांचं निरीक्षण चोख होतं. दोष मात्र उगाच त्या बाळाच्या ओळखीला लागला. गरोदरपणात वाढलेल्या संप्रेरकांमुळे जे केस गळायचे थांबलेले असतात, ते बाळंतपणानंतर आपली राहिलेली पाळी भरून काढतात, इतकंच.

त्या दिवसांत मी गळलेला एकेक केस ट्यूबलाइटखाली धरून पाहायला लागले होते. घरच्यांना ते विचित्र वाटायचं, पण त्यात बरंच कळतं. केसाच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहून बारीक, पांढुरकी गाठ दिसते. ती पाहून बायका हबकतात. "अगं, मुळासकट आलाय!" ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. केस विश्रांतीला गेला की त्याचं खालचं टोक असं गोल होऊन बसतं. खरं मूळ, म्हणजे ज्या पिशवीतून केस उगवतो ती, कातड्याखाली शाबूत असते. गाठ दिसली म्हणजे केस त्याच्या वेळेला गळला. आणि दोन्ही टोकांना गाठ नसेल, एखादं टोक फाटलेलं असेल, तर तो केस गळलेलाच नाही. तो मध्येच तुटला आहे. या दोन तक्रारी वेगळ्या, त्यांची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. आपण मात्र दोन्हींना एकच नाव देतो आणि दोन्हींवर एकच तेल ओततो.

तेलाचं सांगते, कारण मराठी घरात केसांचा विषय तेलाशिवाय पुढे सरकतच नाही. माका, जास्वंद, ब्राह्मी, नागरमोथा, कढीपत्ता, मेथ्या. प्रत्येक घराचं एक तेल असतं आणि ते उकळताना घरभर सुटलेला वास मलाही आवडतो. तेल 'मुळांना पाजायचं' असं आपण म्हणतो. पण मूळ जे खातं ते रक्तातून खातं. डोक्यावर थापलेलं तेल तिथपर्यंत उतरून त्याला जेवू घालत नाही. तेलाचं काम केसाच्या लांबीवर आहे. तिथे मात्र ते, विशेषतः खोबरेल, चांगलंच उपयोगी पडतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केस धुताना, विंचरताना त्यातलं प्रथिन निघून जातं. ते रोखायला तिघांत एकटं खोबरेलच उपयोगी ठरलं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. हा अभ्यास मुंबईच्या मॅरिकोच्या प्रयोगशाळेतला, म्हणजे पॅराशूटवाल्यांचा, हे लक्षात ठेवून वाचावा; पण माझा अनुभव त्याच्या बाजूने आहे. न्हायच्या आधी तासभर केसांच्या लांबीला खोबरेल लावलं की फणी सहज फिरते आणि तुटलेले, गाठ नसलेले केस कमी दिसतात. गाठवाले मात्र तेवढेच गळतात, तेलाला न जुमानता.

कोंडा असेल तर तेलाचा बेत थोडा आवरता घ्यावा. कोंडा दिसतो कोरडा, म्हणून आई 'डोकं कोरडं पडलंय, तेल घाल' म्हणते. प्रत्यक्षात डोक्यावर मॅलसेझिया नावाची बुरशी राहते आणि ती तेलकटपणावरच जगते. रात्रभर तेल चोपडून झोपणं म्हणजे तिची पंगत बसवणं. त्यापेक्षा किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शांपू आठवड्यातून दोनदा, लावून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवून मग धुवायचा. बहुतेक लोक लावल्या लावल्या धुऊन टाकतात आणि म्हणतात, गुण आला नाही.

केस गळताना आणखी एक भीती बसते, ती न्हाण्याची. न्हायलं की केस जातात, म्हणून आठवड्याचे दहा-बारा दिवस होतात. जे केस सुटलेले आहेत ते जाणारच. न्हाणं लांबवलं तर साठून एकदम येतात आणि जाळी पाहून छाती अधिकच धडधडते. माझ्या मावशीने तर दोन आठवडे डोक्याला पाणी लावलं नाही आणि मग एका रविवारी घरात रडारड.

मी काही नवीन विकत घेण्याऐवजी जुन्या चार सवयी सोडल्या. ओले केस पंचाने फटाफट झटकणं ही त्यातली पहिली. आमच्याकडे सगळ्या बायका तशाच झटकत आल्या, अंगणात त्याचा आवाज घुमायचा. ओला केस ताणला जातो आणि कमजोर असतो, त्यामुळे हल्ली पंचा नुसता दाबून पाणी टिपून घेते. बारीक दातांची फणी ओल्या केसांना लावत नाही. मोठ्या दातांचा कंगवा, तोही आधी टोकाकडचा गुंता सोडवून मग वर सरकवत. कंडिशनर लांबीलाच. आणि केस बांधताना कपाळाच्या कडेला ओढ बसणार नाही इतकं सैल. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण सततच्या ओढीने कडेचे केस मागे हटतात आणि वर्षानुवर्षं चाललं तर परत येत नाहीत. शाळेत लाल रिबिनीच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घालत की भुवया वर जायच्या. आता तेच काम उंच पोनी आणि जेल लावून चापून बसवलेला अंबाडा करतो. नृत्य शिकणाऱ्या मुलींच्या कपाळाची कड एकदा नीट पाहा.

हेल्मेटने टक्कल पडत नाही. दुचाकीवरून फिरणाऱ्या पुणेकरांनी ही सबब कृपया सोडावी. घाम येत असेल तर आतून सुती रुमाल बांधावा. स्कार्फची कला तर पुण्याच्या मुलींना कुणी शिकवायला नकोच.

आजीच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य अशा गप्पांमध्ये हमखास येतं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, आणि गुडघ्यापर्यंत केस. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, त्याला फेस येतो आणि मळ निघतो, हे खरंच. पण आजीची फणेरपेटी मी उघडलेली आहे. त्यात काजळाची डबी, मेण, आकडे आणि एक लांबलचक गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचे उसने केस, होतं. लग्नाच्या फोटोतला तो भरगच्च अंबाडा बराचसा त्या गंगावनाचा. केस तेव्हाही गळत. गुंतवळ जपून ठेवत, आणि खेड्यापाड्यांत अजूनही 'केसांवर फुगे' ओरडत माणसं फिरतात ती त्याच गुंतवळासाठी.

डेंग्यूनंतरच्या त्या गळतीत मी एका मॉलमधल्या केसांच्या क्लिनिकातही जाऊन आले, मैत्रिणीच्या आग्रहाने. तिथे डोक्याला कॅमेरा टेकवून पडद्यावर माझं टाळू एवढं मोठं दाखवलं की कोणाचंही काळीज हललं असतं. तिथल्या मुलीने सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं, सीरम, लेझरची टोपी, बायोटिनच्या गोळ्या, हप्त्याची सोय. "सहा महिन्यांत फरक नाही पडला तर विचारा मॅम." मी मनात म्हटलं, पडणारच. साधी तापानंतरची गळती तीन ते सहा महिन्यांत आपण होऊन थांबते. या धंद्याचं सगळं मर्म मला इथे दिसतं. माणूस घाबरतो तेव्हा गळती शिगेला असते. तिथून ती उतरणारच असते. उतरते त्या वेळी हातात जी बाटली असेल तिला श्रेय मिळतं. कांद्याचा रस असेल तर कांद्याला, रोझमेरी असेल तर रोझमेरीला, वाड्यावरच्या वैद्यांचं तेल असेल तर वैद्यांना. आणि ती बाई पुढची वीस वर्षं शपथेवर सांगते की, "मला आलाय ना गुण!" ती खोटं बोलत नसते.

कांद्याचं तर मूळच वेगळं आहे. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी कांद्याचा रस लावून पाहिला तो चाई पडलेल्या रुग्णांना. चाई म्हणजे रुपयाएवढं गोल, गुळगुळीत टक्कल. तिथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर उलटते. ते दुखणं वेगळं, भांग रुंद होणं वेगळं. पण कांदा सगळ्यांच्या डोक्यावर चढला. वासाची किंमत घरच्यांनी मोजली.

केसांवरून उठलेला सगळ्यात मोठा गलका महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं बातम्यांत आली. डोक्याला खाज, मग केस नुसत्या हाताने निघायला लागायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, लहान मुलं, कोणी सुटलं नाही. 'टक्कल व्हायरस' हे नाव पडलं. शांपूवर संशय गेला, पाण्यावर गेला, पाण्याचे नमुने तपासले, त्यात नायट्रेट जास्त सापडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं सापडला चोर. दिल्ली-चेन्नईहून आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पथकं आली. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर आयुष्य घालवलं आणि पद्मश्री मिळवली, ते स्वतः तिथे गेले आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. त्यांच्या तपासणीत त्या गव्हात सेलेनियम कितीतरी पट जास्त आणि गावकऱ्यांच्या रक्तात जस्त कमी निघालं. गहू बाहेरच्या राज्यातून आलेला होता. पुढे बऱ्याच जणांचे केस परत यायला लागले, काहींची नखंही खराब झाल्याच्या बातम्या आल्या. सेलेनियम जादा झालं की केस आणि नखं दोन्ही धरतं. इथे तीन महिन्यांचा उधार मामला नव्हता. वाढत्या केसालाच विष लागलं की तो लगेच तुटतो, कॅन्सरच्या औषधांनी होतं तसं. पण सगळे डोक्यावर काय लागलं ते शोधत होते आणि गोष्ट बहुधा ताटातून आली होती, हे मला विसरता येत नाही. त्यानंतर मी मैत्रिणींच्या 'हेअर व्हिटॅमिन'च्या डब्या मागे वळवून वाचायला लागले. यादीत बहुधा सेलेनियम असतंच. जे मायक्रोग्रॅममध्ये लागतं आणि जास्त झालं तर केसच घालवतं, ते डॉक्टरांना न विचारता दोन-दोन डब्यांमधून पोटात जात असतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. बायोटिन ज्याच्या अंगात कमी नाही त्याला फारसं काही देत नाही, मात्र थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे बिघडवू शकतं, म्हणून तपासणीच्या आधी गोळी चालू असल्याचं सांगावं लागतं.

माझ्या तपासण्यांत थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिनही ठीक होतं, पण फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, तळाला. हे आपल्याकडच्या बायकांत फार असतं आणि हिमोग्लोबिनच्या आकड्यामागे लपून राहतं. पाळीत दर महिन्याला जातं, ताटातून तेवढं येत नाही, आणि वर जेवण झाल्या झाल्या चहा. चहा लोह शोषू देत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चहा जेवणापासून तासभर लांब ढकलायला सांगितला. गोळीपेक्षा ते जड गेलं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणं, डब्यात नुसत्या पोळी-भाजीऐवजी डाळ किंवा अंडं असणं, एवढाच बाकी बदल. केस प्रथिनांचे बनलेले असतात आणि आपण बायका वरणातलं पाणी स्वतःला वाढून घेतो.

गळती थांबली. कपाळाच्या कडेने बारीक, ताठ, दोन इंची केस उभे राहिले, जे कुठल्याच पिनेला दाद देत नाहीत. हे नवे केस. पण मधला भांग पूर्वीइतका अरुंद झाला नाही. त्याचंही उत्तर डॉक्टरांनी सरळ दिलं. तापाने जे गेलं ते आलं. भांग रुंद होतोय तो वेगळा मामला, घराण्याचा. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू, बायकांत भांगाची रेघ. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं संप्रेरक केसाच्या मुळाला हळूहळू आखडतं, प्रत्येक नवा केस आधीच्याहून बारीक येतो. बायकांत चित्र एवढं सरळ नाही, पण केस बारीक होत जाणं तेच. अशा गळतीत केस फणीत दिसतच असं नाही. म्हणून जाळीतले केस मोजण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढावा आणि मधले दिवस आरशाचा नाद सोडावा.

यावर औषध आहे, मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबाची गोळी होती. घेणाऱ्यांच्या अंगभर केस उगवायला लागले तेव्हा कुणाला तरी ते डोक्याला लावायची बुद्धी झाली. अमेरिकेत १९८८ मध्ये टकलावर लावायला मंजुरी मिळाली. पुरुषांसाठी फिनास्टेराइडची गोळी १९९७ मध्ये आली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि तिची फुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळायचीही नाही. मिनॉक्सिडिलचे खोडे तीन. पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात, आणि बहुतेक लोक तिथेच घाबरून सोडतात. परिणाम दिसायला चार-सहा महिने जातात. आणि बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत परत जातं. घरात मांजर असेल तर आणखी जपायचं. मांजराला ते विषारी आहे, उशीवर, हातावर राहिलेलंही. आमच्याकडे मांजर नाही. मी ते रोज रात्री भांगावर लावते, दात घासण्याआधी, फार विचार न करता. भांग पुन्हा मुलीच्या वयाचा होणार नाही हे मला माहीत आहे. आहे तिथे थांबला तरी मी त्याला यश म्हणेन.

माझा भाऊ याच वाटेने टाळूवर पोचला आणि एके दिवशी सरळ मशीन फिरवून मोकळा झाला. "आता दाट येतील," न्हावी म्हणाला. गोटा केल्याने केस दाट येत नाहीत, टोक बोथट कापल्यामुळे खरखरीत लागतात. जावळ काढलेल्या बाळांच्या बाबतीतही तेच. भावाला मात्र मुद्दलातच ते नको होतं. त्याला टक्कल शोभतं, आणि शांपूचे पैसे वाचतात असं तो वहिनीला सांगतो.

यंदा संक्रांतीला आत्या आली होती. हळदीकुंकवाच्या गर्दीत तिने माझं डोकं हाताने वळवून पाहिलं आणि म्हणाली, "केस बरे दिसतायत गं तुझे. गेल्या वर्षी पार शेपूट झालं होतं. काय केलंस?" मी तिला नीट सांगितलं. ताप, तीन महिने, फेरिटिन, चहाचा तास, डॉक्टरांचं औषध. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा मानही हलवली.

"हो का," ती म्हणाली. "बरं, पण तेल कुठलं लावतेस?"

"साधं खोबरेल, आत्या."

तिने पर्समधून डायरी काढली. "कुठल्या घाण्याचं?"